गुळवेल : अमृताची वेल आणि यकृताचा प्रश्न

बंगळूरमध्ये पहाटे फिरावयास निघालेल्या माणसाला उद्यानांच्या दाराशी कडू रस विकणारे हमखास भेटतात. कारल्याचा रस, कडुनिंबाचा रस, दुधीचा रस आणि त्यांच्या बरोबरीने 'अमृतबळ्ळी'चा हिरवट रस. कन्नड भाषेत बळ्ळी म्हणजे वेल. नोकरीनिमित्त या शहरात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हे नाव प्रथम अनोळखी वाटते. पण हृदयाच्या आकाराचे पान आणि कागदासारखी सुटणारी पातळ साल पाहिली की ओळख पटते. ही आपली गुळवेल. संस्कृतात गुडूची, हिंदीत गिलोय.

२०२० साली कोविडची साथ आली आणि ही वेल दारावरच्या कुंडीतून थेट स्वयंपाकघरात पोहोचली. बंगळूरपासून मुंबईपर्यंत असंख्य घरांत सकाळी चहाच्या आधी गुळवेलीचा काढा घेतला जाऊ लागला. कोणी तो आठवडाभर घेतला, कोणी वर्षभर. त्यानंतर काही महिन्यांतच यकृताच्या डॉक्टरांकडे असे रुग्ण येऊ लागले की ज्यांना कावीळ झाली होती, पण कावीळ होण्याचे नेहमीचे कोणतेही कारण सापडत नव्हते. औषधांची विचारणा करता अनेकांचे उत्तर एकच होते : औषध काही नाही, फक्त गुळवेल घेतो.

तेव्हापासून गुळवेलीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाच्या दृष्टीने ती सर्वथा निर्धोक आहे आणि तिच्याविरुद्ध बोलणे म्हणजे आयुर्वेदाची निंदा. दुसऱ्या पक्षाच्या दृष्टीने ती यकृताचे विष आहे. उपलब्ध माहिती पाहता दोन्ही मते सदोष आहेत. कोणती वेल, कोणत्या स्वरूपात, किती दिवस आणि कोणाच्या शरीरात, या चार प्रश्नांवर सारे अवलंबून आहे.

छिन्नरुहा आणि चक्रलक्षणा

गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. आयुर्वेदाने तिला दिलेली नावे वाचली तर तिचे वर्णन आपोआप पुरे होते. तोडली तरी पुन्हा वाढते म्हणून ती छिन्नरुहा. तोडलेला तुकडा झाडाच्या फांदीवर अडकवून ठेवला तरी त्याला हवेतून खाली लोंबणारी मुळे फुटतात, हे ज्याने गुळवेल लावली आहे त्याला सांगावे लागत नाही. खोड आडवे कापले असता चाकाच्या आऱ्यांसारखी आकृती दिसते म्हणून चक्रलक्षणा. आणि अमृता हे नाव का, याची कथा भावप्रकाशात येते. रावणवधानंतर इंद्राने युद्धात पडलेल्या वानरांवर अमृत शिंपडून त्यांना जिवंत केले आणि त्या वानरांच्या अंगावरून अमृताचे थेंब जेथे जेथे भूमीवर पडले तेथे तेथे ही वेल उगवली.

औषध म्हणून वापरावयाचे ते मुख्यतः परिपक्व खोड. ज्वर, मधुमेह, वातरक्त म्हणजे सांध्यांचा दाह, त्वचाविकार आणि गंमत म्हणजे कावीळदेखील, अशा अनेक विकारांत ग्रंथांनी ती सांगितली आहे. अमृतारिष्ट, संशमनी वटी, गुडूची सत्त्व ही तिच्यापासून होणारी परिचित औषधे. खोडाचा कडवटपणा त्यातील डायटर्पिनॉइड वर्गातील द्रव्यांमुळे येतो. त्याखेरीज बर्बेरिनसारखी अल्कलॉइड द्रव्ये आणि शरीराच्या संरक्षक पेशींवर परिणाम घडविणाऱ्या बहुशर्कराही तिच्यात आढळतात.

केईएम रुग्णालयातील तीस रुग्ण

गुळवेलीच्या आधुनिक अभ्यासाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात लिहिला गेला. औषधशास्त्राच्या अभ्यासक डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातील रसायन वनस्पतींचा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेवर काय परिणाम होतो, हे आधी प्राण्यांत आणि मग माणसांत तपासले. डॉ. डहाणूकर मराठी वाचकांना लेखिका म्हणूनही परिचित होत्या. २००२ साली त्यांचे निधन झाले.

पित्तनलिकेत अडथळा येऊन होणाऱ्या काविळीत शस्त्रक्रिया करणे जोखमीचे असते, कारण अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तात जंतुसंसर्ग पसरून तो दगावण्याचा धोका मोठा असतो. केईएममधील या गटाने, ज्यात डॉ. निर्मला रेगे आणि शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांचाही सहभाग होता, अशा तीस रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला त्या उपचारांच्या जोडीला, पित्ताचा निचरा चालू असताना, मोजून दिलेली गुळवेल. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तातील जंतुसंसर्ग झाला, दुसऱ्या गटात एकालाही झाला नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्या गटात ९२ टक्क्यांहून अधिक होते. हे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले.

तीस ही संख्या लहान आहे आणि तेवढ्यावरून अंतिम निर्णय करता येत नाही. तथापि गुळवेल प्रतिकारयंत्रणेवर खरोखरच परिणाम करते, ती केवळ श्रद्धेची गोष्ट नाही, हा विश्वास अशा संशोधनामुळे बळावला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही गुळवेल रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक मात्रेत, ठरावीक काळ आणि विशिष्ट विकाराच्या रुग्णांना दिली गेली होती.

एका शब्दाचा प्रवास

वृत्तानुवादाचे काम करणाऱ्यास शब्दांची सवय जडते आणि काही शब्द तपासून पाहावयाचे राहूनच जातात. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे' हा असाच एक शब्दप्रयोग. २०२० साली तो आमच्या हातून शेकडो वेळा गेला असेल. मूळ जाहिरातींच्या इंग्रजीतला. आम्ही त्याचे इमानाने मराठी करीत गेलो. वास्तविक आयुर्वेदाचा शब्द आहे रसायन आणि केईएमच्या संशोधकांचा शब्द होता प्रतिकारयंत्रणेचे नियमन. वाढ आणि नियमन यांत अंतर आहे. प्रतिकारशक्ती ही बँकेतील ठेव नव्हे की जितकी अधिक तितकी बरी. ती गरजेपेक्षा अधिक चेतली तर स्वतःच्याच अवयवांवर हल्ला चढविते. संधिवाताचा एक प्रकार, थायरॉइडचे काही विकार, ल्यूपस आणि यकृताला सूज आणणारा 'ऑटोइम्यून हेपॅटायटिस' हे याच जातीचे आजार आहेत.

तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन आणि आयुष राज्यमंत्री श्रीपाद नाईक यांच्या उपस्थितीत ६ ऑक्टोबर २०२० रोजी कोविडसाठी आयुर्वेद व योग यांवर आधारित राष्ट्रीय उपचारपद्धती जाहीर झाली. तिच्यात संसर्गाचा धोका असलेल्यांसाठी गुळवेल सुचविली होती, परंतु कालमर्यादेसह : ५०० मिलिग्रॅम घनवटी किंवा १ ते ३ ग्रॅम चूर्ण, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस अथवा एक महिना. घरोघरी मात्र यातील औषधाचे नाव तेवढे पोहोचले, मुदत पोहोचली नाही.

मुंबईतील सहा रुग्ण

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदविले. हे सर्व गुळवेल घेत होते. हेपॅटायटिसचे विषाणू, मद्य, अन्य औषधे ही नेहमीची कारणे वगळल्यानंतर डॉक्टरांचा संशय गुळवेलीवर स्थिरावला. रुग्णांच्या तपासणीत ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखी लक्षणे दिसत होती. एका महिलेचा पुढे मृत्यू झाला. ही नोंद २०२१ साली यकृतरोगाच्या अभ्यासाला वाहिलेल्या भारतीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि वादाला तोंड फुटले.

आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये या अभ्यासावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, याची संशोधकांनी पुरेशी खातरजमा केली नाही. गुळवेलीसारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल यकृताला अपायकारक ठरू शकते, तेव्हा गुळवेलीवर ठपका ठेवणे दिशाभूल करणारे आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मंत्रालयाने दोन्ही वेलींतील भेद सांगणारी सूचना काढली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये गुळवेल सुरक्षित असल्याचा पुनरुच्चार केला.

त्याच वर्षी देशभरातील नऊ ठिकाणच्या तेरा केंद्रांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४३ रुग्णांची नोंद होती. निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. म्हणजे निम्म्या रुग्णांना दीड महिन्याच्या आत त्रास सुरू झाला, निम्म्यांना त्यानंतर. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत हा काळ तीन आठवड्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होता, त्यामुळे महिनाभराच्या मुदतीत घेतली की धोका नाहीच, असेही म्हणता येत नाही. बहुसंख्य रुग्णांना यकृताची तीव्र सूज होती. ज्यांचे यकृत आधीपासूनच दीर्घकाळ आजारी होते, त्यांची अवस्था अधिक बिकट झाली.

किती लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांतील किती जणांना अपाय झाला, हे प्रमाण या अभ्यासांतून काढता येत नाही. इतक्या घरांत पिऊनही रुग्णालयांत नोंद झालेली संख्या एवढीच, हे पाहता बहुतेकांना काही होत नाही, असे अनुमान काढणे रास्त ठरेल. मात्र विरळ अपायाची रीतच अशी असते. ज्याच्या शरीरात ऑटोइम्यून आजाराचा कल सुप्त असतो, त्याला स्वतःलाही तो ठाऊक नसतो. प्रतिकारयंत्रणा चेतविणारे द्रव्य तो कल जागा करते, असा या डॉक्टरांचा तर्क आहे. मग १९९३ चे संशोधन आणि २०२१ ची नोंद यांत विरोध उरत नाही. ज्या गुणामुळे दुबळ्या झालेल्या प्रतिकारयंत्रणेला आधार मिळाला, तोच गुण मुळात अस्वस्थ असलेल्या प्रतिकारयंत्रणेला भडकवू शकतो.

बाजारातील पुडीत नेमके काय?

मंत्रालयाच्या आक्षेपातील एक भाग गंभीरपणे घ्यावयास हवा आणि तो आहे वनस्पतीच्या ओळखीचा. या विषयात बंगळूरने मोलाचे काम केले आहे. येलहंका परिसरातील 'फाउंडेशन फॉर रिव्हायटलायझेशन ऑफ लोकल हेल्थ ट्रॅडिशन्स' ही संस्था औषधी वनस्पतींचे संरक्षण, त्यांचा वनस्पतिसंग्रह आणि त्यांच्या व्यापाराचा अभ्यास यांसाठी ओळखली जाते. तिचे संस्थापक दर्शन शंकर यांनी त्याआधी आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील कशेळे येथे ठाकूर आदिवासींमध्ये काम केले होते. आदिवासींचे वनौषधींचे ज्ञान त्यांनी तेथेच जवळून पाहिले.

या संस्थेने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासह २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात ९६० औषधी वनस्पतींचा व्यापार होत असल्याचे नोंदविले आहे. २००५-०६ या वर्षातील एकूण खप ३ लाख १९ हजार ५०० टन इतका अंदाजिला होता. वर्षाला शंभर टनांहून अधिक खपणाऱ्या वनस्पती १७८ होत्या आणि त्यांत गुळवेलीचा समावेश होता. यांतील बऱ्याच वनस्पती शेतात लावल्या जात नाहीत, रानातून गोळा होतात. कोविडकाळात गुळवेलीची मागणी किती वाढली, याचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातच आहे. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांच्या संस्थेला औषध कंपन्यांकडून सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांच्या गुळवेलीची मागणी आल्याचे २०२१ मध्ये केंद्र सरकारने सांगितले होते. रानाची ओळख असलेल्या कातकऱ्याच्या हातून वेल निवडण्यात चूक होण्याचा संभव कमी. पण वाळलेले तुकडे दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातांतून गेले, त्यांचे चूर्ण झाले की ओळखीची सारी चिन्हे पुसली जातात.

बंगळूरच्याच कृषी विज्ञान विद्यापीठातील आणि 'अत्री' या पर्यावरण संस्थेतील संशोधकांनी भुईआवळ्याबाबत हे पडताळून पाहिले. भुईआवळाही कडू आणि तोही यकृतासाठी घेतला जाणारा. दक्षिण भारतातील २५ दुकानांतून आणलेल्या नमुन्यांची त्यांनी जनुकीय कसोट्यांनी तपासणी केली. २०१० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७६ टक्के नमुन्यांत अपेक्षित वनस्पती होती. उरलेल्या २४ टक्क्यांत तिच्याच कुळातील पाच निरनिराळ्या जाती आढळल्या. यात प्रत्येक वेळी लबाडी असते असे नाही. एकसारख्या दिसणाऱ्या रोपांना गावोगाव एकच नाव असते. परंतु घेणाऱ्याच्या पोटात जावयाचे ते जाते.

घरची वेल ओळखण्यासाठी आयुष मंत्रालयाने सांगितलेल्या खुणा सोप्या आहेत. गुळवेलीचे खोड हिरवट असते, त्यावर गाठीसारखे उंचवटे नसतात आणि कापल्यावर दुधासारखा चीक येत नाही. तिची फळे गोल व लाल असून घोसाने येतात. टिनोस्पोरा क्रिस्पाचे खोड करडे असते, त्यावर ठळक उंचवटे असतात, कापल्यावर पांढरा चीक येतो आणि फळे लांबट व नारिंगी असतात. इंडोनेशियात या दुसऱ्या वेलीस ब्रोतोवाली म्हणतात आणि तिचाही काढा घेण्याची प्रथा तेथे आहे. गुळवेलीची आणखी एक भगिनी, टिनोस्पोरा सायनेन्सिस, भारतात गुळवेलीऐवजी वापरली जाते; तिच्या पानांवर लव असते. अर्थात या खुणा ताज्या वेलीपुरत्या. बाटलीतील रस किंवा पुडीतील चूर्ण पाहून काही कळत नाही.

मात्रा आणि स्वरूप

आयुर्वेदीय औषधिकोशात गुळवेलीची मात्रा चूर्णरूपात ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम खोड अशी दिली आहे. घरी मूठभर तुकडे उकळणाऱ्याने हे वजन एकदा तराजूत पाहावे. स्वरूप बदलले की औषधही बदलते, हे पुष्कळदा विसरले जाते. गुडूची सत्त्व म्हणजे खोड पाण्यात कुस्करून खाली बसलेला पांढरा निवळ. तो मुख्यतः स्टार्च असतो आणि चवीला फारसा कडू नसतो. घनवटी म्हणजे काढा आटवून घट्ट केलेला अर्क. त्यामुळे पाचशे मिलिग्रॅम चूर्ण आणि पाचशे मिलिग्रॅम घन यांची तुलना होऊ शकत नाही. त्यातच एखादी व्यक्ती सकाळी काढा, दुपारी वटी आणि रात्री गुळवेल असलेला 'इम्युनिटी' रस असे तिन्ही घेत असेल, तर एकूण किती मात्रा पोटात गेली याचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

कायद्याने विषारी मानलेल्या आयुर्वेदीय द्रव्यांच्या अनुसूचीत गुळवेल नाही. म्हणून ती वैद्याच्या चिठ्ठीवाचून मिळते आणि तिच्या वेष्टनावर सावधगिरीची सूचना असणे बंधनकारक नाही.

कोणी जपावे?

ज्यांना ऑटोइम्यून आजार आहे किंवा जवळच्या नात्यात तो आहे, ज्यांच्या यकृताचा विकार जुना आहे, ज्यांचे मूत्रपिंड वा यकृत प्रत्यारोपित केलेले आहे आणि त्यामुळे जे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत आहेत, त्यांनी गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या बाबतीत तर डॉक्टर ज्या यंत्रणेला शांत ठेवण्यासाठी औषध देत असतात, तिलाच घरातील माणसे काढा पाजून जागी करीत असतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर गुळवेलीमुळे रक्तातील साखर आणखी उतरू शकते. तेव्हा डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे. गरोदर व स्तनदा मातांसाठी तिच्या सुरक्षिततेचा पुरेसा अभ्यास झालेला नसल्याने त्यांनी ती टाळणे बरे.

इतरांनी घ्यावयाची असल्यास नोंदणीकृत वैद्याला विचारून, विशिष्ट कारणासाठी आणि ठरावीक मुदतीपुरती घ्यावी. घेत असताना भूक मंदावणे, मळमळ, असाधारण थकवा, अंगाला खाज, लघवीचा रंग गडद होणे किंवा डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काही दिसले तर गुळवेल त्याच दिवशी थांबवून रक्तातील यकृताच्या चाचण्या करून घ्याव्यात. काढा हा 'औषध' या सदरात मोजला जात नसल्यामुळे अनेक रुग्ण डॉक्टरांना त्याविषयी सांगतच नाहीत आणि निदानात आठवडे वाया जातात. औषध थांबविल्यावर अनेकांचे यकृत पूर्ववत होते. काहींना स्टेरॉइड द्यावे लागते. उरलेली पुडी किंवा बाटली फेकून देऊ नये, ती डॉक्टरांना दाखवावी. कोणती वनस्पती पोटात गेली हे सांगू शकणारा तोच एकमेव पुरावा असतो.

आयुर्वेदीय औषधांच्या अपायांची नोंद घेणारी यंत्रणा २०१८ पासून देशात कार्यरत असून तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. सर्वच औषधांच्या अपायांची माहिती गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर रुग्ण स्वतः किंवा त्याचे नातेवाईकही देऊ शकतात.